अंगावरून पांढरे जाणे : समज, गैरसमज आणि उपचार

(महिला व विद्यार्थिनी आरोग्य मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही भगिनींनी पदर तोंडाला लावला आणि तीन-चार पुरुष मंडळी चहाच्या निमित्ताने बाहेर गेली. जी बसून राहिली त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो, कारण हा विषय बाईच्या शरीराचा असला तरी त्याचा निर्णय पुष्कळदा घरातले पुरुषच करतात. दवाखान्यात जायचे की नाही, पैसे द्यायचे की नाही, सुनेला घेऊन कोणी जायचे, हे तेच ठरवतात. म्हणून त्यांनी ऐकणे आम्हाला अधिक गरजेचे वाटते.

या तक्रारीला आपल्याकडे नावांची उणीव नाही. कोणी 'अंगावरून पांढरे जाते' म्हणते, कोणी 'धुपणी' म्हणते, कोणी 'पांढरे पाणी', तर वैद्यांच्या भाषेत तो 'श्वेतप्रदर' होतो. एवढी नावे असूनही डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यातले एकही तोंडातून निघत नाही. बाई सांगते, कंबर दुखते, चक्कर येते, अन्न गोड लागत नाही. गोळ्या लिहून होतात, पुढच्या रुग्णाला हाक जाते, आणि मग दाराशी चपला पायांत सरकवताना ती हळूच म्हणते, "आणि ते जरा अंगावरून पण जातं." आम्ही दोघींनी दवाखान्यात काढलेल्या वर्षांत खरी तक्रार बहुतेक वेळा अशी दारातच ऐकली आहे.

हे केवळ आमचेच निरीक्षण नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची रीतसर तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा काही ना काही विकार आढळला. एकेका स्त्रीला सरासरी तीनाहून अधिक विकार होते, आणि त्यातले निम्मे हे जंतुसंसर्गाचे होते. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती होत्या? शंभरात फक्त आठ. सारे जग तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरून चालले होते. बाई गरोदर नसतानाही आजारी असू शकते, हे त्या अभ्यासाने आकड्यांत दाखवून दिले.

आता मूळ विषयाकडे वळू. पहिली गोष्ट ही की, अंगावरून जाणारे प्रत्येक पाणी हा रोग नव्हे. तोंडात जशी लाळ, डोळ्यात जसे पाणी, तसा योनिमार्गातही ओलावा असतो आणि असलाच पाहिजे. पाळी सुरू होण्याआधी सहा महिने-वर्षभर मुलीला पांढरट स्राव दिसू लागतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, बीज सुटण्याच्या वेळी, तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि तार धरणारा होतो. पाळीच्या आधी घट्ट होतो, गरोदरपणी वाढतो. त्याला घाण वास नसतो, खाज नसते, आग नसते. अशा वेळी औषध लागत नाही, आणि मुलीला आईने एवढेच सांगितले तरी पुरे होते. पण आईलाच कोणी सांगितलेले नसते, हा खरा प्रश्न आहे.

निरोगी योनिमार्ग आंबट असतो. विद्यार्थी मित्रांना सामू म्हणजे काय ते शाळेत शिकविले आहे. येथे तो साधारण ३.८ ते ४.५ असतो. हा आंबटपणा टिकवितात लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचेच हे भाऊबंद. जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात साखरेचा साठा होतो, हे जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे परक्या जंतूंना तेथे ठाण मांडता येत नाही. म्हणजे घराला राखणदार आधीपासून आहे. आपण मात्र साबणाने, डेटॉलने त्यालाच हाकलून देतो. त्याविषयी पुढे बोलू.

पांढरे जाण्याच्या तक्रारीमागे मुख्यतः तीन संसर्ग असतात. त्यांतला बुरशीचा संसर्ग आम्ही आज विस्ताराने सांगणार आहोत, कारण तो बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला येतो. अंदाज असा आहे की, चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात निदान एकदा तो होतो, आणि त्यातल्या पुष्कळ जणींना पुन्हा होतो. ही बुरशी म्हणजे भाकरीवर येणारी हिरवी बुरशी नव्हे. पाव फुगविणारे यीस्ट असते ना, त्या कुळातली ही, नाव कँडिडा. तिचा कँडिडा अल्बिकन्स हा प्रकार बहुतेक संसर्गांना कारण असतो.

लक्षणे अशी. खाज हे मुख्य लक्षण. ती इतकी, की रात्री झोप लागत नाही आणि दिवसा चारचौघांत बसवत नाही. बाहेरचा भाग लाल होतो, सुजतो, कधी बारीक चिरा पडतात. लघवी करताना त्या कातडीवर झोंबते, म्हणून बाईला वाटते लघवीचा आजार झाला. पतीशी संबंधाच्या वेळी आग होते. स्राव असला तर पांढरा, घट्ट, नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा असतो. आणि लक्षात ठेवण्याची खूण ही की, त्याला दुर्गंधी नसते.

ही बुरशी येते कोठून? बहुधा बाहेरून येतच नाही. ती आतड्यात, तोंडात, कातडीवर आधीच असते. शंभरातील दहा ते वीस निरोगी स्त्रियांच्या योनीतही ती काही त्रास न देता नांदत असते. म्हणून तपासणीच्या कागदावर 'यीस्ट' लिहून आले पण त्रास काहीच नाही, अशा बाईला औषध देण्याचे कारण नाही. तोल बिघडला की तीच बुरशी वाढते. तोल बिघडविणारी कारणे आपल्या रोजच्या जगण्यात आहेत. घशासाठी, दाढेसाठी, जखमेसाठी घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्या रोगजंतूंबरोबर आपले राखणदार जंतूही मारतात. कोर्स संपला की आठवड्याभरात खाज सुरू झाल्याचे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. गरोदरपण हे दुसरे कारण. तिसरे, आणि आज सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे मधुमेह. ज्या चाळिशीच्या बाईला हा त्रास वरचेवर होतो तिची रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. कित्येकींना आपला मधुमेह या खाजेमुळेच कळतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या आहेत, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या. त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळ्या चांगल्याच आहेत, पण त्यांच्यामुळे हा संसर्ग वाढतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे आणि एचआयव्हीमुळे घटलेली प्रतिकारशक्ती हीही कारणे आहेत.

बुरशीला इस्ट्रोजेनचा आधार लागतो. त्यामुळे पाळी न आलेल्या लहान मुलीत आणि पाळी गेलेल्या आजीत हा संसर्ग सहसा होत नाही. तेव्हा साठीच्या आजीला खाज असेल तर 'बुरशी असेल' म्हणून मलम आणून देऊ नका. मधुमेह आहे का, कातडीचा दुसरा काही विकार आहे का, हे पाहावे लागते. लहान मुलीला असा त्रास असेल तर तिला रागावू नका, तिला डॉक्टरांकडे न्या.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. बुरशीचा संसर्ग हा चारित्र्याचा दाखला नाही. तो लैंगिक रोगांत मोडत नाही. ज्या मुलीचे लग्न झालेले नाही, जिचा कोणत्याही पुरुषाशी संबंध आलेला नाही, तिलाही तो होतो. वसतिगृहात राहणारी मुलगी परीक्षेच्या काळात टायफॉइडच्या गोळ्या घेते आणि नंतर तिला खाज सुटते. यात काय आश्चर्य? पण ती बोलत नाही, कारण बोलली तर आई काय समजेल, मैत्रिणी काय म्हणतील, ही धास्ती. आम्ही अशा मुली पाहिल्या आहेत की ज्यांनी दोन-दोन महिने आग सहन केली आणि पुस्तक उघडे ठेवून नुसत्या बसून राहिल्या. त्यांना हवी होती एक गोळी. तसेच सुनेचे. लग्नानंतर पहिल्या वर्षात तिला हा त्रास झाला की 'माहेरूनच आणले' असे म्हणणारे महाभाग आहेत. असे म्हणणाऱ्याला निदान आपण येथून पुढे उत्तर देऊ शकू.

उपचार सोपा आणि स्वस्त आहे. क्लोट्रिमॅझोल नावाच्या औषधाच्या योनीत ठेवण्याच्या गोळ्या मिळतात. १०० मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री एक याप्रमाणे सहा-सात दिवस, २०० ची तीन दिवस, किंवा ५०० ची एकदाच, असे त्याचे प्रकार आहेत. झोपताना हात स्वच्छ धुवावेत, पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत आणि गोळी बोटाने किंवा सोबतच्या नळीने जाईल तितकी आत सरकवावी. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर येतो, त्याला घाबरू नये. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, पण ठरलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. या औषधांत तेलकट पदार्थ असल्याने निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो, हेही जोडप्यांनी ध्यानात ठेवावे. दुसरा मार्ग म्हणजे फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने, एकदाच. अविवाहित मुलींना हाच मार्ग सोयीचा. मात्र गरोदर बाईने ही तोंडाची गोळी घेऊ नये. तिला योनीत ठेवण्याच्या गोळ्या सात दिवस देतात. रक्त पातळ करणाऱ्या वा इतर नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आधी दाखवाव्यात. पतीला काही त्रास नसेल तर या संसर्गात त्याला औषधाची गरज नसते. त्याला खाज वा लाली असेल तरच मलम द्यावे.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर तो वारंवार होणारा संसर्ग समजावा. त्याचा उपचार वेगळा व लांबचा असतो, फ्लुकोनॅझोल आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिनेदेखील द्यावे लागते. अशा वेळी साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात आणि स्राव प्रयोगशाळेत पाठवावा, कारण कधी कधी बुरशीची जात वेगळी निघते व नेहमीचे औषध तिला लागू पडत नाही.

विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. बुरशीवरचे माणसाला सुरक्षितपणे देता येईल असे पहिले उपयुक्त प्रतिजैविक कोणी शोधले? दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन लहानपणीच आईवडिलांना पारखी झालेली, काका-काकूंनी मिसिसिपीत वाढविलेली. रेचल ब्राउनचे वडील घर सोडून गेलेले. तिच्या महाविद्यालयाचा खर्च आजीच्या परिचयातील एका सधन बाईंनी उचलला. दोघी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, पण एकीचे टेबल न्यूयॉर्क शहरात आणि दुसरीचे दीडशे मैलांवर ऑल्बनीत. हेझन ठिकठिकाणची माती गोळा करून तिच्यातले जंतू वाढवी, बुरशी मारणारे काही सापडले की बरणीत भरून टपालाने ब्राउनकडे पाठवी. ब्राउन त्यातला रासायनिक पदार्थ वेगळा काढून पुन्हा टपालाने परत पाठवी. व्हर्जिनियातील परिचितांच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जंतू मिळाला. १९५० साली त्यांनी आपला शोध जाहीर केला आणि औषधाला आपल्या राज्याच्या नावावरून निस्टॅटिन हे नाव दिले. कँडिडाने बेजार झालेल्या लाखो स्त्रियांना त्याने आराम दिला. इटलीत फ्लॉरेन्स शहरात १९६६ साली पूर आला तेव्हा भिजलेल्या जुन्या चित्रांवरची बुरशी घालविण्यासाठीही ते वापरले गेले. पेटंटपासून १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. दोघींनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी घेतला नाही. सारी रक्कम विज्ञान संशोधनासाठी दिली आणि आपण पगारावर राहिल्या. ज्या मुलींची फी आज दुसरे कोणी भरत आहे त्यांनी ही हकिगत वहीत लिहून ठेवावी.

उरलेले दोन संसर्ग थोडक्यात. एक म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्यात राखणदार जंतू कमी होतात आणि दुसऱ्या जंतूंची गर्दी होते. स्राव पातळ, करडट-पांढरा, आणि त्याला मासळीसारखा वास येतो. खाज फारशी नसते. त्याला मेट्रोनिडॅझोल सात दिवस देतात. गरोदरपणी या संसर्गाचा संबंध दिवस पुरे होण्याआधी होणाऱ्या बाळंतपणाशी आहे, म्हणून त्याची हेळसांड नको. आजवर यात नवऱ्याला औषध देत नसत. पण २०२५ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात असे दिसले की, नवऱ्यालाही त्याच वेळी औषध दिल्यास तो उलटण्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते. दुसरा संसर्ग ट्रायकोमोनास, हा एक शेपटीवाला सूक्ष्म जीव. स्राव पिवळसर-हिरवा, फेसाळ, वास येणारा. हा मात्र संबंधातूनच पसरतो आणि यात नवऱ्याला औषध दिल्याशिवाय बाई बरी होत नाही. नवरा म्हणतो, मला काय झालंय? त्याला काही होत नसले तरी जंतू त्याच्याकडे असतात.

आता कोणी म्हणेल, तीन प्रकार सांगितलेत, खुणा सांगितल्यात, आता आम्हीच ओळखू. तसे होत नाही. अमेरिकेत दुकानातून स्वतःच्या मनाने बुरशीचे औषध विकत घेतलेल्या स्त्रिया तपासल्या, तेव्हा त्यातील सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनाच खरोखर नुसती बुरशी होती. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, लेबल वाचता येणाऱ्या बायकांची ही गत. खरी तपासणी काही महाग नाही. सामू पाहण्याची कागदी पट्टी, काचपट्टीवर स्रावाचा थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक, एवढ्यात दहा मिनिटांत उत्तर मिळते. बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात, आणि बुरशीत सामू नेहमीसारखा आंबटच राहतो. बाकी दोघांत तो वाढतो. जेथे सूक्ष्मदर्शक नाही तेथे लक्षणांवरून दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देण्याची पद्धत सरकारी कार्यक्रमात आणली गेली. रंगाने ओळखायच्या पाकिटांपैकी हिरवे पाकीट यासाठीच ठरविले होते.

घरगुती उपायांबद्दल. डेटॉलचे पाणी, तुरटीचे पाणी, लिंबू, कपड्याचा साबण, हे योनिमार्गाच्या आत कधीही घालू नये. आत धुण्याची गरजच नाही, ती जागा स्वतःला स्वच्छ ठेवते. बाहेरून साध्या पाण्याने धुवावे, बस्स. दूरदर्शनवर जाहिराती होणारे सुगंधी द्रव हे पैसे घालविण्याचे साधन आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. दही खाण्यास हरकत नाही, पण दही खाल्ल्याने हा संसर्ग बरा होतो याला पुरेसा पुरावा नाही. आणि दही भाकरीबरोबर खावे, आत लावू नये. याहून घातक म्हणजे घरात पडलेली खाजेची ट्यूब. दुकानदाराने दिलेल्या अशा पुष्कळ ट्यूबांत जोरदार स्टेरॉइड मिसळलेले असते. लावताच खाज थांबते, म्हणून सारे घर तीच वापरते. पण आत बुरशी वाढत राहते आणि कातडी पातळ होते. सुती कपडे वापरावेत, ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत, पाळीचे कापड धुऊन उन्हात वाळवावे. उन्हात, दोरीवर. साडीच्या घडीखाली लपवून नव्हे.

पुढचा मुद्दा नाजूक आहे. पांढरे पाणी जाते म्हणून शक्ती जाते, हाडे झिजून ते पाणी होते, असा समज घरोघर आहे. त्यात तथ्य नाही. हाडांचे पाणी होऊन वाहत नाही. मग कंबरदुखी आणि थकवा का? आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता, म्हणजे ॲनिमिया, आढळला. पहाटे उठून पाणी भरायचे, दिवसभर वाकून काम करायचे, सर्वांत शेवटी उरलेले जेवायचे. थकवा येणार नाही तर काय? गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीनतेशी अधिक दिसून आला. म्हणजे बाई खोटे बोलते असे नव्हे. दुःख सांगायला तिला दुसरे नाव सापडत नाही. अशा बाईला खाजेची गोळी देऊन घरी पाठविणे हा उपचार नव्हे. रक्त तपासावे, लोहाच्या गोळ्या द्याव्यात, आणि घरात मारहाण तर होत नाही ना, हे एकांतात विचारावे.

आणि याच गैरसमजाची मोठी किंमत आपल्या बायकांनी मोजली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यात तिशीतल्याही होत्या. तक्रार काय होती? कित्येकींची पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत जास्त जाते, एवढीच. उसाच्या फडात न्हाणी नाही, संडास नाही, पाणी नाही. एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. अशा बाईला कोणी सांगितले की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, तर ती उचल घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर झोपते. पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण नाही. पुन्हा सांगतो, नाही. संसर्ग योनिमार्गात असतो, पिशवी काढल्यावर तो योनिमार्ग तेथेच राहतो आणि खाजही तेथेच राहते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी गेल्यानंतरचे सारे त्रास तिशीतच सुरू होतात आणि हाडे खरोखर ठिसूळ होऊ लागतात. हाडे झिजतील या भीतीने जी गेली, ती हाडे झिजवून परत आली. तेव्हा कोणी पिशवी काढा म्हटले तर त्या दिवशी पैसे भरू नका. सोनोग्राफीचा कागद मागून घ्या, जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, औषधाने बरे होणार नाही का असे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही.

मात्र काही खुणा अशा आहेत की ज्यात एक दिवसही थांबू नये. संबंधानंतर किंवा पाळी नसताना रक्त जाणे, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल किंवा दुर्गंधीचे पाणी जाणे, ताप येऊन ओटीपोटात दुखणे, गरोदरपणी एकदम पाणी जाणे. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेवर सापडला तर बरा होतो. व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी साधी असते आणि प्रशिक्षित परिचारिकाही करू शकते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. तीस वर्षांवरील प्रत्येक भगिनीने ती करून घ्यावी.

जायचे कोठे? प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात किंवा तेथील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये. आपल्या वस्तीच्या आशाताईंना सोबत न्यायला सांगितले तर त्या येतात. आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावे, "मला अंगावरून पांढरे जाते." कधीपासून, रंग कोणता, वास आहे का, खाज आहे का, शेवटची पाळी कधी आली, दिवस गेल्याची शंका आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे मनात जुळवून ठेवावे. पडद्यामागे तपासणी करण्याचा आणि सोबत बाई असावी असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

वेळ बराच झाला आहे. ज्यांना उभे राहून प्रश्न विचारणे जड जाते त्यांच्यासाठी दाराशी कोरे कागद आणि एक डबा ठेवला आहे. नाव लिहू नये, फक्त वय आणि प्रश्न लिहावा. जेवणानंतर आम्ही दोघी सर्व चिठ्ठ्या वाचून उत्तरे देऊ, आणि ज्यांना तपासून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी चार वाजेपर्यंत बाजूच्या खोलीत बसू.